त्या पेटीचं काय ते बघा

एका राज्यात कुणालाच काही कळत नव्हतं, आणि तसं कबूल करण्याची कुणाची छाती नव्हती. एरवी राज्य भरलेलं होतं. तळ्यातले हंस माणसांसारखे बोलत, राजबागेतल्या डाळिंबांत दाण्यांच्या जागी माणकं निघत, आणि गढीच्या बुरुजाला सर्दी झाली की तो शिंकत असे. या गोष्टींचं कुणाला नवल वाटत नसे. घोळ होता तो निराळाच.

राजा अमरकेतूच्या पणजोबांनी एक नियम घालून दिला होता. राजाज्ञा कानी पडली की हात जोडून 'समजलं, महाराज' म्हणायचं. जो कुणी 'म्हणजे काय?' असं विचारील, त्यानं दरबाराच्या दारापाशी, सगळ्यांनी जोडे काढून ठेवलेले असत तिथे जाऊन बसायचं, ते मरेपर्यंत. जोड्यांपाशी बसायची हौस कुणाला असणार? तेव्हा सगळेच म्हणत, समजलं. काही उत्साही मंडळी तर आज्ञा पुरी होण्याच्या आधीच म्हणून मोकळी होत.

त्यातून राजा कुणाशी थेट बोलत नसे. तो बोले सोन्याच्या चोचीच्या पोपटाशी. पोपटाचं नाव माणिकचंचू. पोपट सांगे प्रधान दुर्लभशर्मांना, प्रधान सांगत कोतवाल रणखांबाला, कोतवाल शिपायांना आणि शिपाई रयतेला. ऐकलेलं जसंच्या तसं पुढे सांगणं कमीपणाचं मानत. प्रत्येकानं आपल्या पदरचं थोडं घालायचं, अशी रीत होती. ही रीत कुणी आणि का पाडली, ते मला अजून उमगलेलं नाही. राज्य त्यांचं, आपण कशाला मध्ये पडा.

तर एके दिवशी तळ्यातल्या हंसानं बातमी आणली की, डोंगरातल्या गुहेत घोरपाद नावाचा मांत्रिक राहतो आणि त्याच्यापाशी एक पितळी पेटी आहे. राजा झोपाळ्यावर बसून पानाला चुना लावत होता. तो म्हणाला, "त्या पेटीचं काय ते बघा."

त्याच्या मनात असं होतं की, मांत्रिकाची वस्तू आहे, तिला कुणी हात लावू नये, एवढं बघा. पण मनातलं मनातच राहिलं आणि पान तोंडात गेलं. पोपट प्रधानांना म्हणाला, "त्या दिव्य पेटीत महाराजांचं चित्त गुंतलं आहे." प्रधान कोतवालाला म्हणाले, "महाराजांना पेटी हवी आहे आणि ती लवकर हवी आहे." कोतवाल म्हणाला, "समजलं." तो गेला आणि पेटी उचलून घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी घोरपाद गिधाडाच्या पाठीवर बसून दरबारात उतरला. त्याचे डोळे सुजले होते. "राजा," तो म्हणाला, "तुझ्या माणसाला सांगून उपयोग झाला नाही. आता तुझ्या घरातही सांगणं बंद होईल."

राजाची एकुलती एक मुलगी केतकी त्या वेळी पायऱ्यांवर उभी राहून केसांत फूल माळत होती. तिचा आवाज जागच्या जागी गेला आणि तिची पावलं दगडाची झाली.

"मी तीन कामं सांगेन," घोरपाद म्हणाला. "सांगितली तशी झाली, तर तुझी मुलगी सुटेल. काम फसलं, तर पुन्हा करता येईल, पण दगड वर चढेल. हनुवटीला लागला की मग इलाज नाही. पहिलं काम ऐक. उद्या सूर्य उगवताना या नगरात एकही घंटा वाजू नये."

तुझ्या माणसाला सांगून उपयोग झाला नाही म्हणजे काय, हे राजानं विचारायला हवं होतं. पण राजा तरी पणजोबांचाच पणतू. तो म्हणाला, "समजलं."

मग आज्ञा निघाली. पोपटानं तिला विशेषणं लावली, प्रधानांनी धाक घातला. कोतवालानं डोकं खाजवलं. खुद्द महाराज घंटांविषयी बोलतात, तेव्हा काहीतरी मोठा समारंभ असणार, असा त्यानं कयास बांधला. सकाळी सूर्य वर आला आणि देवळातल्या, हत्तींच्या, गाईगुरांच्या, होत्या नव्हत्या तेवढ्या घंटा घणाणल्या. लोकांनी तर दोर तुटेपर्यंत वाजवल्या. केतकी गुडघ्यांपर्यंत दगड झाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि राजा कानांवर हात ठेवून तिच्यासमोर नुसता उभा होता.

राजानं हुकूम सोडला, कुणीतरी जाणता माणूस शोधून आणा. हुकूम खाली जाता जाता त्याचं काय झालं देव जाणे, पण सात दिशांना सात स्वार गेले आणि एक मल्ल, एक आचारी, एक माहूत आणि कर्णिका नावाची एक बाई, एवढ्यांना घेऊन आले. तीन स्वार अजून परतलेले नाहीत.

ही कर्णिका मध्यम वयाची, सावळी, बोलण्यात ठाम. तिचा व्यवसाय असा की, जिथे पुष्कळ माणसं मिळून एक काम करतात तिथे जायचं, कोण कुणाला काय सांगतो ते ऐकायचं, आणि सांगणं कुठे अडतं ते दाखवून द्यायचं. व्यापाऱ्यांचे तांडे, मठ, जहाजांचे काफिले तिला बोलावून नेत. वेशीवरच तिनं विचारलं, "मला कशासाठी बोलावलं आहे?"

"ते ठाऊक नाही," शिपाई म्हणाला. "पण बाई, आपण अगदी वेळेवर आलात."

राजानं तिला केतकी दाखवली आणि सगळी हकिकत सांगितली. राजाला वाटलं होतं, बाई मंत्र म्हणेल, अंगारा लावील. कर्णिका म्हणाली, "महाराज, मला एक आज्ञा द्या. कुठलीही. मी तिच्यामागून चालत जाते."

राजा म्हणाला, "बागेतलं डाळिंब आणा." कर्णिका आज्ञेच्या मागोमाग निघाली. पोपट, प्रधान, कोतवाल, शिपाई, सगळ्यांपाशी ती उभी राहिली, कुणाला टोकलं नाही, नुसतं ऐकलं. संध्याकाळी माळ्यानं डाळिंबाचं झाड मुळासकट उपटून दरबारात आणलं. माळी आनंदात होता. झाड रडत होतं.

"रोग कळला," कर्णिका म्हणाली. "ऐकणारा समजलं म्हणतो, पण काय समजलं ते सांगत नाही. उद्यापासून प्रत्येकानं ऐकलेलं आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावं. सांगणाऱ्यानं होकार दिला, तरच पुढे न्यावं."

प्रधान दुर्लभशर्मा चिडले. "परत म्हणून दाखवायला आम्ही काय पाठशाळेत आहोत?"

"कोतवालांना काय सांगितलं होतंत, प्रधानजी?"

"घंटांचा बंदोबस्त कर म्हणून."

"आणि तुम्हांला काय कळलं, कोतवाल?"

रणखांबानं मान खाली घातली. "घंटांचा थाट कर."

आज्ञा नव्या रीतीनं निघाली. पोपटाला विशेषणं गिळावी लागली, त्यानं त्याचं पोट दुखलं. पण सकाळी सूर्य उगवला तेव्हा नगरात इतकी शांतता होती की गाई स्वतःच गोंधळून उभ्या राहिल्या. पहिलं काम झालं.

गिधाड आलं आणि दुसरं काम सांगून गेलं. सूर्य डोक्यावर असताना नगरातल्या प्रत्येक घरानं चूल विझवावी, एकही निखारा राहू नये.

आज्ञा पुन्हा त्याच रीतीनं निघाली. प्रत्येकानं परत म्हणून दाखवली, रयतेनंसुद्धा अक्षर न् अक्षर म्हणून दाखवली. आणि दुपारी पाहावं, तर घराघरांतून धूर निघतो आहे! केतकी कमरेपर्यंत दगड झाली.

राजा कर्णिकेवर कडाडला. "बाई, तुमची विद्या फुकट गेली."

"अर्धी गेली, महाराज. चूक माझी आहे," कर्णिका म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. ती घरोघरी हिंडून आली. एका घरी एक बाई भाकरी थापत होती. कर्णिकेनं विचारलं, "आज्ञा कळली नव्हती का?"

"कळली की! चूल विझवा म्हणाले. पण का विझवा? पोरं भुकेली आहेत माझी. राजाला धुराचा त्रास होतो म्हणे. होऊ दे."

दुसऱ्या घरी म्हणाले, लढाई येणार आहे. तिसऱ्या घरी म्हणाले, राजा चुलींवर कर बसवणार आहे. केतकीचं खरं काय झालं, ते नगरात एकालाही ठाऊक नव्हतं. राजानं ते लाजेपायी झाकून ठेवलं होतं. पायऱ्यांभोवती रेशमी पडदे लावले होते आणि राजकन्या व्रताला बसली आहे, असं सांगितलं होतं.

"महाराज," कर्णिका म्हणाली, "लोकांना काय करायचं ते कळलं. कशासाठी ते कळलं नाही. ते पोपटानं सांगून भागणार नाही. ते तुम्ही सांगायला हवं."

"मी? चव्हाट्यावर उभा राहून?"

"मुलगी तुमची आहे."

राजा उठून पडद्याआड गेला. केतकीनं त्याच्याकडे पाहिलं आणि चव्हाट्याच्या दिशेनं बोट दाखवलं. हात तेवढे अजून हलत होते. राजा चालत चव्हाट्यावर गेला, एका भाजीच्या टोपलीवर चढला आणि म्हणाला, "लोकहो, माझी पोर दगड होते आहे. ती वाचावी म्हणून तुमच्या चुली विझायला हव्यात. एवढंच." तो खाली उतरला. कुणी समजलं म्हटलं नाही. भाकरी थापणारी ती बाई डोळे पुसत घरी गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी नगरात एवढासाही धूर नव्हता, आणि पोरंही भुकेपायी कुरकुरली नाहीत.

आता उरलं तिसरं काम. ते सांगायला घोरपाद स्वतः आला. भर दरबारात उभा राहून तो बोलू लागला. त्याची भाषा ओळखीची नव्हती. घशातून दगड घरंगळावेत तसे शब्द येत होते आणि मध्येच त्याचा आवाज कापत होता. तो थांबला. मग सवयीनं, भीतीनं, पोपट म्हणाला, "समजलं." केतकीच्या छातीपर्यंत दगड चढला. प्रधान म्हणाले, "समजलं." दगड खांद्याला लागला. कोतवालाच्या तोंडूनही ते निसटलं आणि दगड गळ्याशी आला.

राजानं घाईनं कर्णिकेकडे पाहिलं. "बाई, काय म्हणाला तो? सांगा लवकर!"

"मलाही कळलं नाही, महाराज. आणि तुमच्या वतीनं मी विचारून चालणार नाही. राज्य माझं नाही."

राजा उठला. सिंहासनाच्या पायऱ्या उतरला, रांगा ओलांडून दाराशी गेला आणि चिखलानं भरलेल्या जोड्यांपाशी खाली बसला. तिथून तो मोठ्यानं म्हणाला, "घोरपादा, मला समजलं नाही. म्हणजे काय?"

दगड थांबला. मग घोरपाद दरबाराच्या भाषेत बोलू लागला. "त्या पेटीत माझ्या आईची अंगाई आहे. ती गेली तेव्हा मी ती पेटीत ठेवली. ती ऐकल्याशिवाय मला झोप येत नाही. पेटी नेऊ नकोस, एवढंच मी तुझ्या कोतवालाला घाईघाईत माझ्या भाषेत सांगितलं. तो समजलं म्हणाला आणि पेटी घेऊन गेला."

कोतवाल रणखांब पुढे आला. "मला वाटलं, तुम्ही मंत्र पुटपुटता आहात. विचारायची भीती वाटली."

"आणि मी काय सांगितलं होतं?" राजानं स्वतःलाच विचारलं. त्याला आठवलं. झोपाळा आठवला, पान आठवलं. "त्या पेटीचं काय ते बघा, म्हणालो होतो मी. यातून कुणाला काय कळणार होतं?"

"त्याला कळलं की नाही, हे मीही विचारलं नाही," घोरपाद म्हणाला आणि खाली राजाशेजारी जोड्यांपाशी बसला. "न कळलेलं विचारणं, हेच तिसरं काम होतं, राजा. झालं."

सिंहासनाजवळ ठेवलेल्या पेटीचं झाकण आपोआप उघडलं. आतून एका म्हातारीचा घोगरा, प्रेमळ आवाज आला आणि बुरुजसुद्धा शिंकायचा थांबला. केतकीच्या गळ्यावरून, खांद्यांवरून, पायांवरून दगड वाळलेल्या चिखलासारखा गळून पडला. ती धावत आली, बापाच्या गळ्यात पडली आणि पहिलं वाक्य बोलली, "बाबा, नक्की झालं तरी काय, ते मला कुणी सांगेल का?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सगळी हकिकत एकालाही ठाऊक नव्हती. मग राजानं आपला तुकडा सांगितला, पोपटानं आपला, प्रधानांनी आपला, कोतवालानं आपला. घोरपादानंही सांगितला. ऐकता ऐकता दिवस मावळला. केतकी दर वाक्याला विचारत होती, म्हणजे काय? आणि कुणी तिला रागावलं नाही.

पेटी गुहेत परत गेली. पणजोबांचा नियम मोडला आणि दाराशी जोडे तेवढे उरले. माणिकचंचूला पेरूच्या बागेवर नेमलं, तिथे त्याची विशेषणं पेरूंना लागतात आणि पेरू गोड होतात. कर्णिका दुसऱ्या राज्यात गेली, तिथला घोळ याहून मोठा होता म्हणतात.

अशी ही गोष्ट. ऐकून नुसती मान डोलावू नका. कळली नसेल, तर विचारा. मी इथेच बसलो आहे, जोड्यांपाशी.