एका सणाचे दोन दिवस

खाजणी आणि तळई ही समोरासमोरची दोन गावं. मध्ये एवढीशी खाडी. दोन्हीकडे बेने इस्रायल ज्यूंची जुनी घरं, आडनावंही बरीचशी तीच. पण दरफाळणीचा सण, म्हणजे पांढरे कपडे घालून, दारं लावून दिवसभर उपास आणि प्रार्थना करायची तो, खाजणीत आज असेल तर तळईत उद्या. देव एक, सण एक, मग दिवस दोन कसे, असं पाहुणे हमखास विचारतात. खाजणीचे रहमीमकाका आधी त्यांना चहा पाजतात आणि मग सांगतात.

पूर्वी नवी चंद्रकोर दिसली की महिना लागायचा. तळई डोंगराच्या अगदी पायथ्याशी. मावळतीची बारीक कोर डोंगराआड जायची, ती तळईकरांना दुसऱ्या संध्याकाळी दिसायची. खाजणीला आदल्याच दिवशी. झालं, वादाला तोंड फुटलं. हे म्हणत, तुम्ही सणाच्या दिवशी जेवता. ते म्हणत, तुम्ही भलत्याच दिवशी उपाशी बसता.

यात भरडली गेली ती मिलका. माहेर तळई, सासर खाजणी. तिचे वडील एलोजी तेली भारी हट्टी. सासरचे खरा दिवस पाळेपर्यंत लेकीच्या अंगणात पाय ठेवणार नाही, अशी त्यांनी शपथच घेतली म्हणे. मिलकाला मुलगा झाला, तरी आजोबा फिरकले नाहीत. पलीकडे बापाचा घाणा दिसायचा आणि तिचा जीव तुटायचा.

त्या वर्षी खाजणीच्या दरफाळणीला, भर दुपारी, मिलकाला धुराचा वास आला.

"मामंजी, काहीतरी जळतंय," ती म्हणाली.

"दिव्याचा वास असेल," सासरे म्हणाले. "प्रार्थना संपेस्तोवर दार उघडायचं नाही."

छपराचा पेंढा पेटला होता, पण गावाची सगळीच दारं बंद. बाहेरून बघायला कुणी नव्हतंच. कळलं तेव्हा घर धुरानं भरलं होतं आणि चाचपडणाऱ्या हातांना अडसर सापडेना. मिलका पोराला पोटाशी धरून जमिनीवर बसली. आता संपलं, असं तिला वाटलं.

तळईत मात्र तो साधा कामाचा दिवस होता. एलोजींनी धूर पाहिला आणि बैल घाण्याला तसाच ठेवून होडीकडे धाव घेतली. त्यांच्यामागून निम्मं गाव निघालं, असं सांगतात.

"मिलके, दारापासून बाजूला हो गो!"

बापाचा आवाज तिला आधी खराच वाटेना. कुऱ्हाडीनं दार फुटलं, सगळी जिवंत बाहेर आली. शपथ विसरून एलोजी लेकीच्या अंगणात उभे होते, नातवाला छातीशी धरून, आणि पोरासारखे रडत होते. मिलकाही पोटभर रडली. किती दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

पुढे एकच दिवस ठरवायला दोन्ही गावं बसली. मिलकाचे सासरे आपणहून म्हणाले, "तळईचाच दिवस धरू."

एलोजी म्हणाले, "नको. दोन्ही गावं एकदम दारं लावून बसली, तर धूर दिसायचा कुणाला?"

आजही दोन्ही गावांत छापील कॅलेंडर टांगलेलं आहे आणि त्यात तारीख एकच असते. तरी तळई दुसऱ्या दिवशीच दारं लावते. आदल्या दिवशीच्या उपासानं थकलेले खाजणीकर सकाळीच खाडीकाठी येऊन बसतात, पलीकडच्या छपरांवर नजर ठेवून. आणि तळईकर आत निर्धास्तपणे डोळे मिटतात.