दोरखान्यातला गंडा

एका राज्यात राजवाडा जमिनीवर नव्हता. तो आकाशात होता, ढगांच्या थोडा खाली, आणि पतंगासारखा दोरांनी जमिनीला बांधलेला होता. फार पूर्वी वादळात तो कुठून तरी वाहत आला, तेव्हा रानात दोर वळणाऱ्या एका माणसाने फास टाकून त्याला धरलं. ज्याने धरलं तो राजा झाला. तेव्हापासून त्या राज्यात राजघराणं दोरवळ्यांचं, आणि दोरवळ्यांचा मान मोठा.

राजवाड्याचे दोर उन्हावाऱ्याने झिजत. नवे वळण्यासाठी टेकडीच्या पायथ्याशी दोरखाना होता. एका टोकाला फिरकी, दुसऱ्या टोकाला माणूस, मध्ये लांबच लांब मोकळी वाट. फिरकीवरचा पीळ भरतो, दुसरा अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे सोनेरी तंतू, सोडत सोडत मागे चालत जातो. अशा जोड्या ओळीने उभ्या असत. जोडीतली दोघं दिवसभर एकाच दोराला धरून असत, आणि दिवसभर एकमेकांपासून लांब.

त्या दोरखान्यात हैबती नावाचा तरुण मागे चालायचं काम करी. त्याच्या फिरकीवर चिमाक्का होती, त्याच्याहून बरीच थोरली, उंच, कमी बोलणारी. हैबतीला आईवडील नव्हते. धाकटी बहीण सगुणा मामाच्या गावी होती. ती सुखात असावी एवढंच त्याला हवं होतं.

दोरखान्यात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात कारभारी काळ्या दोऱ्याचा गंडा बांधी. म्हणे, "राजवाड्याचं काम आहे. दृष्ट लागू नये." गंड्याला गाठ नसे, टोक नसे. कात्री लावली तर कात्रीची धार जाई.

कारभारी जादूगार होता, हे कोणाला ठाऊक नव्हतं. गंड्याचा गुण असा होता, की घालणारा कामातलं बोलला तर ते नीट ऐकू जाई. "पीळ दे," "वाख संपला," "भाकरी खाऊ या," हे सगळ्यांना कळे. पण त्याने आपलं दुखणं सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या कानात दोनच शब्द पडत: "बरं आहे." बोलणाऱ्याला स्वतःचे शब्द खरेच ऐकू येत. त्यामुळे आपलं बोलणं वाटेत बदललं, हे त्याला कधी कळत नसे.

हैबती पहिल्या हिवाळ्यात काम सुरू होण्याआधी म्हणाला, "चिमाक्का, बोटं बधिर होतात गं."

चिमाक्काने त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि काहीतरी म्हणाली. हैबतीला ऐकू आलं, "बरं आहे."

त्याला वाटलं, बाईला माझ्या दुखण्याचं काय! पुढे त्याने तिला सांगणं सोडलं. जेवायच्या सुट्टीत सगळे कडुनिंबाखाली बसत. कोणी विचारी, "कसं काय?" पलीकडून उत्तर येई, "बरं आहे." मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांचं बरं होतं. हैबती भाकरीचा तुकडा तोंडात घोळवत बसे आणि मनात म्हणे, एवढ्या माणसांत मी एकटाच नाजूक निघालो.

पुढे त्याच्या करंगळीला वाख फुटला. आधी नखाजवळ एक तंतू निघाला. तो उपटला तर रक्त आलं नाही. मग अख्खी करंगळी सोनेरी, कोरडी, तंतूतंतूंची झाली. दोरखान्यात हात सोलवटू नयेत म्हणून सगळेच चिंध्या बांधत. हैबतीने आपली चिंधी जरा घट्ट बांधली आणि कारभाऱ्याकडे गेला.

"कारभारी, माझ्या बोटाचा वाख होतोय."

कारभाऱ्याला सगळं खरं ऐकू येई. तो पान लावत होता. चुना नीट पसरून तो म्हणाला, "अरेरे. बाकी कोणाचं झालंय का?"

"ठाऊक नाही."

"मग विचार की. मी कुठं तोंड धरलंय तुझं?"

हैबतीने दारातूनच तिघांना विचारलं. तिघंही म्हणाले, "बरं आहे."

"ऐकलंस?" कारभारी म्हणाला. "इथं सगळे खुशीत आहेत. म्हणजे दोष तुझ्या रक्तात आहे, बाबा. मी कोणाला सांगत नाही. पण बाहेर कळलं, तर तुझ्या बहिणीला कोण करून घेईल, तूच बघ."

हैबतीने हात उपरण्याखाली घेतला. त्यानंतर सणाला तो मामाच्या गावी गेला, तरी हात बाहेर काढला नाही. निघताना मात्र त्याला राहवलं नाही. वेशीजवळ तो बहिणीला म्हणाला, "सगुणा, मला तिथं फार एकटं वाटतं."

सगुणा हसली. "चांगलं आहे ना, दादा! तुझं बरं असलं की मला घास गोड लागतो."

हैबती वाटभर रडला. बहिणीला आपली कीव येत नाही, असं त्याला वाटलं.

वर्षातून एकदा राजाची साळुंकी दोरखान्यात येई. ती बोलकी होती, आणि सरकारी होती. प्रत्येकाच्या खांद्यावर बसून विचारी, "दोरखान्यात कसं आहे?" आणि ऐकलेलं राजाला नेऊन सांगे. त्या वर्षी ती हैबतीच्या खांद्यावर बसली, तेव्हा त्याच्या दोन बोटांचा वाख झाला होता.

"माझे हात जातायत," हैबती म्हणाला. "मला इथून सोडवा."

"बरं आहे. छान!" साळुंकी म्हणाली. "दरवर्षी तेच. मी तर आता वरून निघतानाच पाठ करून येते. अरे हो, तुझ्या मामाच्या गावावरून आले. बहीण विचारत होती तुझं. मी सांगितलं, भाऊ बरा आहे. तर म्हणाली, मग मीही जाते. येत्या पौर्णिमेला गंडा बांधून घ्यायला येते आहे. आता तरी हस की, मेल्या!"

हैबतीच्या हातातला वाख खाली पडला. "तिला येऊ देऊ नका! सांगा तिला!"

"बरं आहे, बरं आहे. ऐकलं एकदा."

तेव्हा हैबतीने दातांनी चिंधी सोडली आणि हात तिच्यासमोर धरला. साळुंकीने एका डोळ्याने पाहिलं, मग मान वळवून दुसऱ्याने पाहिलं.

"हे बरं नाही," ती हळूच म्हणाली.

"मग राजाला सांगा."

"बरं आहे म्हणतोस आणि हात असा दाखवतोस." साळुंकीने पंख फुगवले. "तुझे शब्द माझ्यापर्यंत येईतो कुठंतरी बदलतायत, दोरवळ्या. पण मी पडले बोलकं पाखरू. मला कानावर पडलेलंच सांगता येतं, डोळ्याने पाहिलेलं राजाला सांगायला गेले तर चोच उघडत नाही. माझी जातच तशी. शब्दांवाचून बोलता येईल असं काही नाही का रे तुमच्याकडे?"

एवढं बोलून ती उडून गेली. हैबती हातात दोर घेऊन उभा राहिला.

दोरवळ्यांची एक रीत राज्याहून जुनी होती. वाट लांब, हाक पोचत नाही, म्हणून जोडीतली दोघं दोराला हिसके देऊन बोलत. एक हिसका म्हणजे पीळ दे. दोन म्हणजे थांब. आणि दोर लांब ओढून एकदम सैल सोडला, तर त्याचा अर्थ पेड तुटला. तसा हिसका आला, की दुसऱ्या टोकाला जो असेल त्याने हातातलं टाकून चालत यायचं आणि तुटलेला पेड स्वतःच्या हातात घ्यायचा. मग तो कोणीही असो. पेड तुटला नसताना हा हिसका देणं, याहून मोठं पाप दोरवळ्यांत नव्हतं. तसं करणाऱ्याच्या हातून पुन्हा कोणी दोर घेत नसे.

पौर्णिमेची सकाळ उजाडली. फाटकाबाहेर नवी माणसं जमली. हैबतीला लांबून सगुणाचं हिरवं लुगडं दिसलं. काखेत गाठोडं होतं. कारभारी तबकात गंडे घेऊन उभा होता.

हैबतीने दोर लांब ओढला आणि एकदम सैल सोडला.

पलीकडे फिरकी थांबली. चिमाक्का निघाली. दोरावर हात ठेवून, पेड तपासत, ती अख्खी वाट चालत आली. दोर कुठेच तुटलेला नव्हता. ती त्याच्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

हैबतीने चिंधी सोडली आणि वाख झालेली बोटं तिच्यापुढे धरली.

चिमाक्काने तो हात पाहिला. तिने तो आपल्या हातात घेतला, कारण रीत तशी होती. मग खाली बसून तिने आपल्या हाताच्या चिंध्या सोडायला सुरुवात केली. एक सुटली, दुसरी सुटली, त्या संपेचनात. शेवटची गळून पडली, तेव्हा मनगटापर्यंत नुसता वाख होता.

एवढी वर्षं दोघं एकाच दोराला धरून होती.

चिमाक्का उठली. तिने तो हात डोक्यावर उंच धरला. शेजारच्या वाटेवरच्या माणसाने तो पाहिला आणि आपली चिंधी सोडली. त्याच्या पलीकडच्या बाईने सोडली. वाटेवाटेने हात वर होत गेले, सोनेरी, कोरडे, वाऱ्यावर भुरभुरणारे. बोलून काय होतं, हे आता सगळ्यांना कळलं होतं.

मग ती सगळी राजवाड्याच्या खुंटांकडे गेली. आकाशातून उतरलेले दोर तिथे बांधले होते. ते दोर भर थंडीतही कोमट असत. लोक म्हणत, हा राजाचा प्रताप. दोरवळ्यांनी एकेक दोर धरला, मिळून लांब ओढला आणि एकदम सैल सोडला.

राजवाडा खाली बसला, वर उसळला. वरच्या सज्ज्यातली भांडी खणखणत पडली.

दोराच्या दुसऱ्या टोकाला राजा होता. राज्याभिषेकाच्या दिवशी त्यानेही दोर हातात घेऊन रीत पाळायची शपथ घेतली होती. तो झोळीत बसून खाली उतरला. साळुंकी त्याच्या पुढे पुढे उडत होती.

"पेड कुठे तुटला?" राजाने विचारलं.

कारभारी धावत आला. "महाराज, माणसं माजली आहेत. त्यांनाच विचारा, त्यांना काय कमी आहे."

राजाने विचारलं, "तुमचं कसं आहे?"

प्रत्येकाने आपापलं दुखणं सांगितलं. राजाला एका सुरात ऐकू आलं, "बरं आहे."

कारभारी हसला.

"बरं असतं तर हिसका आला नसता," राजा म्हणाला. "मला पेड दाखवा."

हैबती पुढे झाला. त्याने हात पुढे केला. राजाने रीतीप्रमाणे ती बोटं आपल्या हातात घेतली, आणि दुसरा हात सहज शेजारच्या दोरावर ठेवला. तो दचकला. बोटं जेवढी कोमट होती, तेवढाच दोर कोमट होता.

"कारभारी, हे दोर कशाचे आहेत?"

"वाखाचे, महाराज."

"कोणाच्या?"

कारभारी मागे सरला. ज्यांचा पूर्ण वाख झाला, त्यांना तो दोरात वळून टाकी आणि सांगे, गावी गेले.

राजा दोरवळ्यांच्या वंशातला होता. त्याने हैबतीच्या गळ्यातला गंडा बोटाने चाचपला. पीळ उलटा होता. तसाच उलटा पीळ कारभाऱ्याच्या कमरेच्या काळ्या करगोट्याला होता. सगळे गंडे त्या एका करगोट्यातून काढलेले होते.

"करगोटा दे."

"महाराज, तेवढं मागू नका."

"दे."

उलटा पीळ एकट्याला उकलत नाही. राजाने एक टोक धरलं, दुसरं हैबतीच्या हातात दिलं, आणि स्वतः दोरवळ्यासारखा मागे मागे चालू लागला. पीळ सुटला. सगळ्यांच्या गळ्यांतले गंडे गळून पडले, आणि करगोट्यात अडकलेले सगळे शब्द बाहेर आले.

ते ज्याच्या त्याच्या आवाजात आले. "बसायला घटकाभर मिळत नाही." "आई गेली, तरी सोडलं नाही." "पोटुशी आहे, मला फिरकी नका देऊ." "माझ्या धन्याला दोरात वळू नका." "वाखाच्या धुळीने श्वास कोंडतो." "कोणी आहे का?" हे शेवटचं तर कितीतरी आवाजांत आलं.

त्या गलबल्यात हैबतीला चिमाक्काचा आवाज ओळखू आला. पहिल्या हिवाळ्यातला तो आवाज होता. "हैबती, आज गप्प का रे? मला फार एकटं वाटतं. तुझं काही दुखत असलं तर मला सांग." मग दुसऱ्या हिवाळ्यातला आला. मग त्याच्या पुढचा. ती दरवर्षी विचारत होती.

आकाशातले दोर आपोआप उकलले. त्यांतून माणसं बाहेर आली, अंगावरचा वाख झटकत, डोळे चोळत. कोणाला घ्यायला घरची माणसं धावली. कोणी इकडे तिकडे बघत उभे राहिले, कारण त्यांची वाट पाहणारं आता कोणी उरलं नव्हतं. राजवाडा हलके हलके उतरला आणि गायरानात जरासा तिरका टेकला. तो अजून तसाच आहे.

राजाने कारभाऱ्याला मारलं नाही. कारभारी फाटकाकडे चालू लागला, तेव्हा साळुंकी त्याच्या खांद्यावर बसली आणि म्हणाली, "कसं आहे?" तो म्हणाला, "बरं आहे." त्याला कोणी अडवलं नाही, कोणी सोबतही गेलं नाही.

सगुणाने हैबतीचा हात धरला होता. सगळ्यांच्याच हातांचा वाख गळून खाली नवी कातडी आली होती. त्याची करंगळी मात्र ताठ राहिली, ती कायमची.

"दादा, वेशीजवळ तू मला काय म्हणाला होतास?"

त्याने सांगितलं. तिने गाठोडं खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

दोरखाना पुढेही चालला, विहिरींसाठी, गुरांसाठी, नावांसाठी. राजा दरसाल स्वतः वाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाई, आणि प्रत्येकाच्या हाती हात देऊन विचारी.

त्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हैबती कामावर आला. चिमाक्का फिरकीवर होती. त्याने दोर लांब ओढला आणि सैल सोडला. ती लगबगीने सगळी वाट चालत आली.

"कुठे तुटला?"

"तुटला नाही," हैबती खाली बघत म्हणाला. "हात दुखतात."

चिमाक्का त्याच्या शेजारी खाली बसली.

"माझेही," ती म्हणाली.