उडी कुणाची, उपास कुणाचा

चित्रपटांना अजून वाचा फुटलेली नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. एका नदीकाठच्या गावात सिनेमाची एक कंपनी होती आणि त्या कंपनीत एक वृद्ध वस्ताद होता. गुरू म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लगेच दाढी, कमंडलू आणि वडाचा पार उभा राहतो. ते सगळं इथं विसरा. ह्या गुरूच्या गुडघ्याला कायम तेलाची पट्टी बांधलेली असायची, आणि तोंडात शिवी नसली तर तंबाखू असायची. शहाणपणानं कुणाच्या घरी मुक्काम करावा, हे काही ते आपल्याला विचारून ठरवत नाही.

वस्तादाचं काम काय, तेही सांगतो. चित्रपटाचा नायक शत्रूंना चुकवत किल्ल्याच्या बुरुजावरून धावत यायचा. कठड्याशी पोचला की दिग्दर्शक ‘थांबा!’ म्हणून ओरडायचे आणि कॅमेऱ्याचं हँडल थांबायचं. नायक बाजूला व्हायचा. अगदी तसाच जरीचा अंगरखा, तसाच फेटा घातलेला वस्ताद त्याच्या जागी कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा. हँडल पुन्हा फिरू लागलं की हा खाली नदीत झेप घ्यायचा. पडद्यावर ह्या दोन माणसांचा मिळून एकच माणूस होई. सिनेमाच्या तंबूत बसलेले लोक टोप्या उडवत, शिट्ट्या मारत आणि नायकाचं कौतुक करत घरी जात. नायकाच्या जागी कुणी वेगळा गडी असेल, अशी शंकाही कुणाला येत नसे.

तो नायक हाच ह्या गोष्टीतला शिष्य. तलवार कशी धरावी, घोड्यावर मांड कशी ठोकावी, पडायचं झालं तर अंग कसं सैल सोडावं, हे सारं त्याला वस्तादानंच शिकवलेलं. उडी मात्र शिकवली नव्हती. नायकाचा पाय मोडला तर कंपनी बसेल, म्हणून कंपनीचे मालक शेठजी ह्यांची सक्त मनाई होती. पोरगा देखणा होता, कीर्ती होती, आणि खरं सांगायचं तर मनानंही चांगला होता. पण त्याच्या जिवाला एक घोर लागलेला होता आणि तो बाहेर कुणापाशी बोलायची सोय नव्हती.

त्याची आई होती. सगळे तिला माई म्हणत. माईनं एकदा तंबूत जाऊन मुलाचा चित्रपट पाहिला. पाहिला म्हणजे काय, बुरुजावरची उडी आल्याबरोबर ती किंचाळून उभी राहिली, शेजारच्या बायकांनी तिला धरून बसवलं. घरी आल्यावर तिनं मुलाच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "एवढा शूर कधी झालास रे?" आता अशा वेळी, उडी मारणारा मी नव्हे, असं सांगायला मोठं काळीज लागतं. ते त्याच्यापाशी नव्हतं. आपल्यापैकी किती जणांपाशी असतं?

झालं! तेव्हापासून ज्या दिवशी उडी असेल, त्या दिवशी माईचा निर्जळी उपास. देवापुढे बसून राहायचं. संध्याकाळी कंपनीचा गडी सायकलवरून येऊन ‘माई, सुखरूप आहेत’ असं सांगून गेला, की मग पाण्याचा घोट. वर्षं गेली, चित्रपट आले नि गेले, माईचे उपास काही सुटले नाहीत. मुलाला ते घासाघासाला आठवायचं. आपण सावलीत उभे राहून पंख्याचा वारा खातो आणि आई आपल्या नावानं कोरड पडलेल्या घशानं बसून आहे! लोकांनी हार घातला तरी त्याला तो टोचायचा.

आणि वस्तादाचा एक विचित्र नेम होता. उडीच्या आधी तो शिष्याला विचारायचा, "आज माई जेवल्या का?"

"नाही हो वस्ताद. उपास आहे."

"पाणी?"

"तेही नाही."

"बरं," असं म्हणून म्हातारा फेटा घट्ट करायचा आणि कठड्यावर चढायचा. शिष्याला वाटे, जुनी माणसं, रीत म्हणून चौकशी करतात.

पुढं माईचं वय झालं. एका उपासानंतर तिला घेरी आली. वैद्यांनी नाडी पाहिली आणि मुलाला अंगणात बोलावून स्पष्ट सांगितलं, की आता एक जरी निर्जळी केली तरी मी जबाबदार नाही. त्या संध्याकाळी मुलगा आईच्या पायाशी बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. उडी मी मारत नाही. कधीच मारली नाही. दुसरा एक जण मारतो.

माईला आधी खरंच वाटेना. मग ती रडली, मग हसली, मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या, इतकी वर्षं माझा जीव टांगणीला लावलास!" आणि लगेच उठून तिनं गरम भात केला, वर तूप वाढलं, आणि मायलेक पोटभर जेवले. माई इतकी मोकळी झाली, की तो दुसरा कोण, हे विचारायचं तिला सुचलं नाही. सांगावं असं मुलालाही वाटलं नाही. आपणही असेच जेवतो, मंडळी. संकट आपल्या दारावरून पुढं गेलं, की ते कुणाच्या दारात थांबलं हे पाहायला आपण बाहेर येत नाही.

दुसऱ्या दिवशी बुरुजावर चित्रीकरण होतं. ऊन चांगलं होतं, कॅमेरा लागला होता. वस्ताद फेटा बांधून आला आणि त्यानं नेहमीसारखं विचारलं, "आज माई जेवल्या का?"

"जेवल्या!" शिष्य आनंदानं म्हणाला. "कालही जेवल्या, आज सकाळीही भाकरी खाल्ली. सांगून टाकलं वस्ताद सगळं! इतके उपास बिचारीचे फुकट गेले, पण सुटली एकदाची."

 वस्तादानं हळूच फेटा उतरवला, शेजारच्या दगडावर ठेवला आणि स्वतःही तिथंच बसला.

"आज उडी नाही," तो म्हणाला.

एकच गोंधळ उडाला. शेठजी छत्री सावरत धावत आले. "उडी नाही म्हणजे काय? ऊन चाललंय! पैसे वाढवून हवेत का?" कुणी म्हणालं, म्हातारा थकला. कुणी म्हणालं, थकला कसला, घाबरला. ज्या माणसानं आयुष्यात एकदाही पाय मागं घेतला नाही, तो सगळ्यांदेखत मान खाली घालून बसला होता. शेवटी शेठजींनी हात टेकले आणि काम दुसऱ्या दिवसावर टाकलं. माणसं पांगली, तेव्हा शिष्य जवळ जाऊन बसला.

"वस्ताद, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही चुकलं," वस्ताद म्हणाला. "घाबरलो म्हणतात ते खरं आहे. पोरा, आज मला पहिल्यांदा भीती वाटली. तू म्हणालास, माईंचे उपास फुकट गेले. फुकट कसे रे? माई देवाला काय सांगत असतील? उडी मारणाऱ्याला सुखरूप वर काढ, हेच ना? नाव तुझं घेत असतील. पण देव ह्या बुरुजाशी आला, तर त्याला उडी मारताना कोण दिसणार? मीच दिसणार. म्हणून त्यानं दरवेळी मला वर काढलं. मला आई नाही. बायको, पोरंबाळं, कुणी नाही. लहानपणी प्लेगात घर रिकामं झालं, ते रिकामंच राहिलं. खाली पाण्यात गेलो ना, की तळाशी काही दिसत नाही, वर कुठं आणि खाली कुठं तेही कळत नाही. तेव्हा माझ्या मनात एवढंच यायचं, की वर कुठंतरी एक बाई पाणी प्यायची थांबलीय. वर गेलं पाहिजे. दुसऱ्याची आई, दुसऱ्याच्या नावाचा उपास, सगळं ठाऊक होतं मला. घरी दिवा नसला तर माणूस शेजारच्याच्या उजेडात बसून चार घास खातो, तसं केलं मी. आता माई जेवल्या. जेवल्याच पाहिजेत, म्हाताऱ्या झाल्या. पण आता मी खाली गेलो, तर वर कुणासाठी येऊ?"

इतकी वर्षं हा माणूस नदीतून बाहेर यायचा, तेव्हा सगळे आपल्याभोवती जमत होते. ह्याचं अंग कोण पुसतं, हे आपण कधी पाहिलंसुद्धा नाही, हे शिष्याच्या ध्यानात आलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

तो तसाच घरी गेला. तोंडाला रंग, अंगावर जरीचा अंगरखा, कमरेला लाकडी तलवार! भर दुपारी असला अवतार पाहून माईच्या हातातलं सूप खाली पडलं. त्यानं वस्तादाचं बोलणं शब्दाशब्दानं तिला सांगितलं. माई ऐकता ऐकता खाली बसली.

"अग बाई," ती म्हणाली, "काल तू म्हणालास दुसरा मारतो, आणि मी तूपभात जेवले! तोही कुणाच्या तरी पोटचाच ना रे?" ती पदर डोळ्यांना लावून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या उडी आहे ना? उद्या मी पाण्याला शिवणार नाही. वैद्याला काय कळतंय!"

"नाही आई," मुलगा म्हणाला. "तुझे उपास झाले. उद्याचा मी धरणार."

माईनं त्याच्याकडे पाहिलं. मुलाच्या तोंडावरचा रंग ओघळला होता. तंबूत शूर दिसला होता त्यापेक्षा तो आज तिला बरा वाटला.

"धर," ती म्हणाली. "पण देवाला कुणाच्या नावानं सांगशील? नाव काय त्याचं?"

नाव मुलाला ठाऊक नव्हतं. सगळे वस्तादच म्हणत.

"वस्ताद? देवाला पत्ता कळेल का असल्यानं? गावोगावच्या तालमीत वस्ताद आहेत. जा, उद्या आधी नाव विचार."

सकाळी बुरुजावर तो वस्तादापुढे जाऊन उभा राहिला. ओठ सुकलेले होते. म्हणाला, "वस्ताद, आज माझ्या पोटात पाण्याचा थेंब नाही. उपास तुमच्यासाठी आहे. पण आईनं विचारलंय, तुमचं नाव काय?"

"शहाणा आहेस!" वस्ताद खेकसला. "उपाशीपोटी बुरुजावरून धावायचं? चक्कर येऊन पडलास म्हणजे मला शेठ फाडून खाईल." बोलला खरा, पण आवाजात जोर नव्हता. मग तो नदीकडे तोंड करून उभा राहिला.

"केरबा," तो म्हणाला. "माझ्या आधीची सगळी भावंडं पाळण्यातच गेली. मी झालो, तेव्हा आईनं मला सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून तिच्या पदरात टाकलं. मृत्यूला वाटावं, हे केरातलं पोर, ह्याला कशाला न्या. म्हणून केरबा. ती गेली आणि ते नाव घेणारं कुणी उरलं नाही. आधी तालमीतलं पोर, मग पैलवान, मग वस्ताद. मलाच आठवायला वेळ लागला बघ."

शिष्यानं त्याच्या पायांना हात लावला. हँडल फिरू लागलं. शिष्य धावत कठड्याशी आला, थांबला, बाजूला झाला. वस्ताद त्याच्या जागी उभा राहिला, फेटा घट्ट केला, आणि झेपावला.

एरवी शिष्य तिथून खुर्चीकडे जायचा. आज तो दगडी पायऱ्या उतरून थेट नदीच्या काठाशी पळत गेला. हातात कोरडं धोतर होतं. वरून शेठजी ओरडत होते, "अहो, अंगरखा भिजेल!" पाण्यावर वर्तुळं उठली, पसरली, विरली. डोकं वर येईना. शिष्य गुडघाभर पाण्यात शिरला. एकाएकी त्याला वाटलं, की आपण नुसतं उपाशी राहून काय उपयोग, खाली अंधारात ह्याला वर कुठं आहे ते कळलं पाहिजे. वय, मान, गुरुशिष्याची मर्यादा, काही काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"केरबा!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला. "अरे केरबा, वर ये!"

बुरुजावर हँडल फिरतच होतं. चित्रपट मुका होता, त्यामुळे ती हाक त्यात कुठंच उमटली नाही. पण पाणी हललं, पांढरे केस वर आले, आणि तोंडातलं पाणीही थुंकायच्या आधी, खेळायला गेलेल्या पोराला घरातून बोलावणं यावं तसा, म्हाताऱ्यानं नदीतून मोठ्यानं ओ दिली.