वगळलेल्याच्या दारी

कोल्हापुरात केरबा मास्तर नावाचे एक वृद्ध प्रशिक्षक राहत. पेठेतल्या एका तालमीच्या फुटबॉल संघाला ते चाळीस वर्षे शिकवत आले होते. त्यांचा धैर्यशील नावाचा एक शिष्य होता. दहाव्या वर्षी तो मास्तरांच्या हाताखाली आला, पुढे संघाचा हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, झाला आणि सत्ताविसाव्या वर्षी गुडघा निकामी होऊन मैदानाबाहेर बसला. त्यानंतर दिवसा तो एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करी आणि संध्याकाळी मास्तरांना मदत करी. मास्तरांच्या मागे संघ तोच सांभाळणार, असे सगळे धरून चालले होते. तरीही संघाच्या नोंदणीत खेळाडू म्हणून त्याचे नाव दरवर्षी लिहिले जाई. मास्तर ते खोडू देत नसत.

एका वर्षी कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी त्याला मोबाइलवरच्या एका खेळात ओढले. इंग्लंडमध्ये खेळणाऱ्या खऱ्या खेळाडूंमधून आपण पंधरा जण निवडायचे, त्यातले अकरा उतरवायचे आणि चौघांना बाकावर बसवायचे. तिकडे ते जसे खेळतील तसे गुण इकडे आपल्या नावावर जमा होत. ज्याला कर्णधार नेमू त्याचे गुण दुप्पट. दर आठवड्याला एकाला काढून दुसऱ्याला घेण्याची मुभा होती. कार्यालयातल्या बारा जणांचे असे बारा संघ झाले, आणि ज्याने खरोखर चेंडू खेळला आहे असा त्यांत एकटा धैर्यशील होता. तोच जिंकणार, असे सर्वांनी गृहीत धरले.

धैर्यशीलने आपला संघ प्रेमाने निवडला. ज्याचा खेळ तो वर्षानुवर्षे पाहत आला होता, असा चौतीस वर्षांचा एक हाफ त्याने घेतला. कर्णधार एका बॅकला केले, कारण मागे उभ्या असलेल्याला सगळे मैदान दिसते, असे मास्तरांनी शिकवले होते. त्या शनिवारी त्याचा आवडता हाफ अप्रतिम खेळला. सगळा सामना त्याच्या पायातून जात होता. पण गोल किंवा गोलाचा शेवटचा पास त्याच्या नावावर नव्हता, म्हणून त्याचे गुण आले दोन. धैर्यशील बारांत बारावा आला.

पहिल्या आल्या त्या ग्रंथपाल चारुशीला मॅडम. त्यांनी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. कार्यालयात हशा पिकला तेव्हा त्याच तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याला बाजूला बोलावून समजावले.

"सर, तुम्ही खेळ बघता," त्या म्हणाल्या. "इथं खेळ बघायचा नसतो."

हे वाक्य त्याला लागले, आणि पटलेही. त्याने तो म्हातारा हाफ काढून टाकला. कोण गोलापर्यंत किती वेळा पोहोचतो, कोणाचा पुढचा सामना दुबळ्या संघाशी आहे, कोण थकलेला आहे, हे तो बसमध्ये आणि जेवणाच्या सुट्टीत वाचू लागला. दिवाळीपर्यंत तो आठवा आला, नाताळापर्यंत दुसरा. पण या काळात त्याच्यात एक बदल झाला, तो त्याच्या ध्यानात आला नाही. सुरेख पास पाहून पूर्वी त्याच्या तोंडून आपोआप दाद निघे, ती निघेनाशी झाली. आपल्या यादीतला गोली सामन्यात असला की समोरच्याचा देखणा फटका त्याला नकोसा वाटे.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तालमीच्या टीव्हीवर सामना चालू होता. मास्तर खुर्चीत होते, धैर्यशील शेजारी. एक नामांकित खेळाडू धावता धावता गुडघा धरून कोसळला. त्याचे तोंड वेदनेने वाकडे झाले आणि मैदानात स्ट्रेचर आले. त्याच दिवशी सकाळी धैर्यशीलने त्याला आपल्या संघातून काढले होते, आणि चारुशीला मॅडमचा तर तो कर्णधार होता. धैर्यशीलने मूठ आवळली आणि तो हसला.

मास्तरांनी ते पाहिले. नऊ वर्षांपूर्वी धैर्यशीलचा गुडघा गेला, तेव्हा याच मास्तरांनी त्याला खांद्यावर घालून मैदानाबाहेर नेले होते. त्या वेळी धैर्यशील ज्या आवाजात ओरडत होता, तो त्यांना अजून विसरता आला नव्हता. सामना संपल्यावर त्यांनी त्या मोबाइलच्या खेळाची सगळी माहिती विचारून घेतली आणि शेवटी म्हणाले, "ज्याला काढतोस, त्याला काय सांगतोस?"

धैर्यशीलला गंमत वाटली. "त्याला काय सांगायचं मास्तर? तो कुठं माझ्या ओळखीचा आहे. नावावर बोट ठेवायचं, झालं."

मास्तरांनी उठून टीव्ही बंद केला.

फेब्रुवारीत मास्तरांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी त्यांना धूळ आणि ऊन यांपासून दोन आठवडे दूर राहायला सांगितले. नेमका याच काळात शहरातल्या मोठ्या फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना आला. मास्तरांनी निरोप धाडला, संघ धैर्यशीलने निवडावा.

संघाचा कर्णधार इम्तियाज मुल्ला हा चौतीस वर्षांचा होता. उद्यमनगरच्या एका फौंड्रीत तो भट्टीवर काम करी, आणि तेरा वर्षे संघाची उजवी बाजू सांभाळत आला होता. धैर्यशीलचा गुडघा गेला त्या सामन्यातही तो शेजारीच खेळत होता. आता त्याचा वेग कमी झाला होता. मागच्या तीन सामन्यांत समोरचे खेळाडू त्याला सात वेळा मागे टाकून गेल्याची नोंद धैर्यशीलच्या वहीत होती. सुशांत नावाचा बावीस वर्षांचा एक बॅक तयार होता, त्याचा वेग दुप्पट. धैर्यशीलने फार विचार केला नाही. करण्याची गरजही नव्हती. त्याने इम्तियाजला वगळले.

मास्तरांचा एक रिवाज होता. ज्याला संघातून वगळायचे, त्याच्या घरी ते सामन्याच्या आदल्या दिवशी स्वतः जात, बसत, चहा घेत आणि तोंडावर सांगत. धैर्यशीलला तो रिवाज ठाऊक होता. पण त्याला तो जुन्या काळचा आणि वेळखाऊ वाटे. त्यातून त्या दुपारी मोबाइलवरच्या संघातले बदल करण्याची मुदतही संपत आली होती. त्याने आधी तो संघ लावला आणि मग त्याच बैठकीत खऱ्या संघाची अकरा नावे आणि राखीव खेळाडू टाइप करून खेळाडूंच्या ग्रुपवर टाकली. इम्तियाजचे नाव राखीवांतही नव्हते.

इम्तियाजने ती यादी फौंड्रीत चहाच्या सुट्टीत वाचली. नाव चुकून राहिले असेल, असे त्याला वाटले. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे बॅग घेऊन मैदानावर आला. वडील आणि मुलगी गॅलरीत बसली होती. कपडे बदलण्याच्या खोलीत त्याची दोन नंबरची जर्सी सुशांतच्या अंगावर होती. त्याने धैर्यशीलकडे पाहिले. धैर्यशीलने मान खाली घालून वही उघडली. खोलीत सोळा माणसे होती, ती सगळी बुटांच्या नाड्या बांधू लागली. इम्तियाज बॅग घेऊन बाहेर पडला आणि गॅलरीत मुलीच्या शेजारी जाऊन बसला.

संघ तीन विरुद्ध एक असा जिंकला. सुशांत सुंदर खेळला. पोरांनी धैर्यशीलला खांद्यावर घेतले.

आठ दिवसांनी मास्तर काळा चष्मा लावून सरावाला आले. अंतिम सामना दोन दिवसांवर होता. त्यांनी सगळी हकिगत ऐकली आणि निवड अचूक होती, असे चारचौघांसमोर सांगितले. मग इम्तियाज कुठे आहे, म्हणून विचारले. तो सरावाला येत नाही, असे कळले. त्याने आपली सरावाची जर्सी धुऊन, इस्त्री करून शेजाऱ्याच्या हाती पाठवून दिली होती. मास्तर ती जर्सी हातात घेऊन काही वेळ बसून राहिले.

अंतिम सामन्याला त्यांनी तेच अकरा कायम ठेवले. मात्र सामन्याआधी राखीव खेळाडूची एक जर्सी धैर्यशीलसमोर धरली आणि म्हणाले, "घाल."

त्याला हा विनोद वाटला. मास्तरांचा चेहरा पाहून त्याने ती घातली. नऊ वर्षांनी पोट सुटलेल्या अंगावर ती घट्ट बसली. स्टेडियम भरलेले होते. कार्यालयातले सहकारी आले होते, त्याची बायको आली होती. पूर्वार्धात मास्तरांनी त्याला रेषेच्या कडेने धावून अंग मोकळे करायला सांगितले. तो लंगडत धावला. समोरच्या समर्थकांनी शिट्ट्या मारल्या, आपल्या बाजूचेही हसले. उतरवणार असतील, या आशेने तो परत आला, तर मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. उत्तरार्धात संघ एका गोलाने मागे पडला. मास्तरांनी त्याला पुन्हा धावायला लावले, पुन्हा बसवले, आणि दुसऱ्याच दोघांना मैदानात उतरवले. सामना त्याच एका गोलाने गेला.

सगळे निघून गेल्यावर खोलीत दोघेच उरले. धैर्यशीलच्या डोळ्यांत पाणी होते. वीस-पंचवीस वर्षांत तो मास्तरांपुढे आवाज चढवून कधी बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला.

"भरल्या मैदानात माझी शोभा का केलीत? खेळवायचं नव्हतं, तर तसं सांगायचं तरी होतं."

मास्तरांनी चष्मा काढला. डोळा अजून लाल होता.

"सांगायचं होतं, हे तुझ्या तोंडून ऐकायचं होतं मला," ते म्हणाले. "जो संघ निवडतो, त्याला माणसं काढावीच लागतात. इम्तियाजला मीही काढला असता. पण ज्याला काढायचं त्याच्या घराकडं जाताना पाय जड होतात, आणि ते व्हायलाच पाहिजेत. तेवढ्या वाटेत कळतं, की आपण काढतोय तो माणूस आहे. तुझ्या मोबाइलमधल्या खेळाडूला घर नाही, बाप नाही, लेक नाही. त्याला काढून काढून तुझं बोट हलकं झालं. खेळ वाईट नव्हता रे. ते हलकं बोट घेऊन तू इथं आलास, ते वाईट झालं."

मग मास्तर हळू आवाजात पुढे म्हणाले, "आणि यात माझंही पाप आहे. माझ्या डोळ्याला पट्टी होती, तोंडाला नव्हती. यादी मला घरी कळली होती. एक फोन मी करू शकलो असतो. पण तू जातोस का नाही, हे मी बघत बसलो. परीक्षा तुझी घेतली आणि भोगलं त्यानं."

दुसऱ्या दिवशी धैर्यशील इम्तियाजच्या घरी गेला. पाय खरेच जड झाले होते. इम्तियाजने त्याला आत बसवले, चहा दिला आणि त्याचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. त्याच्या स्वरात राग नव्हता, आणि त्यामुळे धैर्यशीलला अधिकच अवघडल्यासारखे झाले.

"निवड बरोबर होती तुझी," इम्तियाज म्हणाला. "माझे पाय उचलत नाहीत, मला कळत नव्हतं काय? त्या दिवशी पोरीनं विचारलं, अब्बा, तुम्ही इथं का बसलात? मला उत्तर माहीत नव्हतं. आदल्या दिवशी तू दारात येऊन नुसतं सांगितलं असतंस, तर मी तुझ्या शेजारी बाकावर बसून सुशांतला ओरडून ओरडून खेळवलं असतं."

परत ये, असे धैर्यशील म्हणाला. इम्तियाजने मान हलवली. "आता नाही जमायचं, धैर्या. मन उतरलं माझं."

मे महिन्यात मोबाइलवरचा खेळ संपला तेव्हा धैर्यशील बारांत पहिला आला होता. चारुशीला मॅडमनी कार्यालयात पेढे वाटले. त्याने एक पेढा घेतला, सर्वांचे आभार मानले आणि कामाला लागला.

पुढच्या हंगामापासून संघ त्याच्याकडे आला. तेव्हापासून प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी तो वगळलेल्यांच्या घरी जातो. कोणी समजून घेते, कोणी वाद घालते. एकाने तर त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवले. तरीही तो जातो. मास्तरांनी त्याला त्याबद्दल कधी शाबासकी दिली नाही, आणि त्यानेही ती अपेक्षिली नाही.

इम्तियाज हल्ली तिकीट काढून सामने पाहायला येतो. एकदा मैदानातून धैर्यशीलला तो गॅलरीत दिसला. त्याने हात वर केला. इम्तियाजनेही केला, रस्त्यात भेटलेल्या कोणा परिचिताला करावा तसा, आणि तो पुन्हा मुलीशी बोलू लागला. धैर्यशील बराच वेळ तिकडे पाहत उभा राहिला.

एखाद्याचे नाव वगळण्याचा अधिकार आपल्यापैकी अनेकांच्या हाती कधी ना कधी येतो. त्याच्या घरापर्यंत चालत जाण्याचे अंतर तेव्हा फार नसते. पुढे ते कापता येत नाही.