चष्म्यातला मासा

"रडली नाही, रडली नाही, हेच केव्हाचं सांगतेयस. मग ती पोर आता आईशी बोलत का नाही?" नाडगौडा सरांनी विचारलं.

इरावती पिशवीतून पट्टीचं सामान काढत राहिली.

सर म्हणजे भाजलेल्या मुलांचे डॉक्टर. आता थकले होते, आणि त्यांचा वॉर्ड त्यांचीच विद्यार्थिनी इरावती सांभाळत होती. डोळ्यांवर चढवला की समोर समुद्र दिसतो, असा चष्मा तिनं वॉर्डात आणला. पट्टी बदलताना मुलं मासे बघत बसायची, दुखणं निम्म्यावर यायचं. तिला त्याचा कोण अभिमान.

उकळत्या दुधानं भाजलेली पाच वर्षांची कस्तुरी आधी टाहो फोडायची. चष्मा लावला, आणि हूं नाही की चूं नाही.

"तिची आई कुठं होती?"

"बाहेर, सर. आया आत आल्या की पोरांहून जास्त रडतात. आता चष्मा आहे म्हटल्यावर त्यांचं आत काय काम? मीच थांबवलं."

"पोर काहीच बोलली नाही?"

"बोलली ना, खुशीत होती. 'आई, मासा बघ' म्हणाली..."

"मग?"

"मग पुन्हा म्हणाली... मग गप्प झाली."

हीच गोष्ट तिनं वॉर्डभर कौतुकानं सांगितली होती. आज सांगताना त्यातली 'आई' तिला पहिल्यांदा ऐकू आली.

"चुकलं माझं, सर. तो चष्मा बंदच करते."

"वेडी आहेस. आमच्या वेळी असता, तर किती लेकरांचे हाल वाचले असते... आण इकडं."

सरांच्या पायाला मधुमेहाची जखम होती. त्या जखमेची पट्टी बदलायला इरावती त्यांच्या घरी आली होती. तिनं पिशवीतला चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि खाली बसली. पट्टी जखमेला चिकटली होती. तिनं टोक धरलं.

सरांनी पाय मागं घेतला.

"इरावती, मासा बघ."

तिनं नुसती मान हलवली.

सरांचा हात हवेत काहीतरी चाचपत राहिला...

"इरावती, मासा बघ ना."

आपली मान त्यांना दिसत नाही, हे तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. डोळ्यांतलं पाणी तिनं तसंच वाहू दिलं.

"बघितला, सर. केवढा मोठा आहे."

सरांनी आपणहून पाय पुढं केला.

"हं. आता ओढ पट्टी."