वस्तरा आणि राज्यकारभार

संस्थानं होती तेव्हाची गोष्ट. अंबवळचे महाराज विलायत, फ्रान्स, अमेरिका पालथी घालून आले आणि भेटेल त्याला विचारू लागले, "सगळ्यांत चांगलं राज्य कुठलं?" शाळेचे मास्तर म्हणाले, "विलायतेचं." त्यांची नोकरी गेली. दिवाणजी म्हणाले, "आपलंच, सरकार." खुशमस्कऱ्या म्हणून त्यांनाही भर दरबारात बोलणी बसली.

एके सकाळी दाढी करताना प्रश्न गेनूजी न्हाव्यावर आला. "कुठे लोक कारभारी निवडतात, कुठे राजाच नाही, इथे आम्ही. बोल!"

गेनूजीनं वस्तऱ्याचा एक उलटा हात जरा जोरातच फिरवला.

"अरे, लागतंय!" महाराज ओरडले. गेनूजीचा हात जागीच थांबला.

"सरकार, वस्तरा एकाच्या हाती असो की दहांच्या. ज्याच्या गालावर तो फिरतो, त्याला 'लागतंय' म्हणता यावं आणि म्हटल्यावर हात थांबावा. ते राज्य चांगलं."

महाराजांनी गाल चोळून दुसरा पुढे केला. दुसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा शाळेत दिसले.

पुढे संस्थान गेलं, निवडणुका आल्या. मतं मागायला कुणी दुकानात आलं की म्हातारा गेनूजी उसासा टाकायचा, "ओरडायची सोय झाली, बाबा. थांबलेला हात मात्र तेवढा एकदाच पाहिला."