दात काढणारी ओदिल

फार वर्षं झाली या गोष्टीला. फ्रान्सच्या डोंगरात व्हालसेक नावाचं गाव होतं. तिथे ओदिल नावाची विधवा लोकांचे किडलेले दात काढून पोट भरायची. हात असा हलका, की दात निघून गेल्यावर माणूस विचारायचा, "कधी काढणार?" असं म्हणतात.

तेव्हा सम्राटाच्या लढाया चालू होत्या. दर मार्चला शिपाई गावात येत, विशीतल्या पोरांना चिठ्ठ्या उचलायला लावत आणि ज्याचं नशीब वाईट त्याला घेऊन जात. ओदिलचा एकुलता एक मुलगा तिबो असाच गेला. परत आला तो नुसता त्याचा पट्टा.

पुढल्या वर्षी शेजारीण आपल्या पोराला घेऊन तिच्या दारात आली. त्या काळी बंदुकीची दारू कागदाच्या पुडीत असे, आणि ती पुडी पुढच्या दातांनी फाडावी लागे. दात नसलेला माणूस फौजेच्या उपयोगाचा नव्हता.

"काढ," शेजारीण म्हणाली.

"चांगले आहेत गं दात."

"म्हणूनच काढ."

ओदिलने काढले. तीन वर्षांत तिने एकोणीस पोरांचे दात काढले. पोरं म्हाताऱ्यांसारखी बोबडं बोलू लागली, पण घरी राहिली.

चौथ्या वर्षी सार्जंटने सगळ्यांना रांगेत तोंडं उघडायला लावली. त्याला काय ते कळलं.

"हे करणारा पुढे आला नाही, तर या पोरांच्या बापांना नेईन," तो म्हणाला.

ओदिल पुढे आली. "मीच केलं. माझ्या लेकाचे तेवढे काढायचे राहिले."

तिच्याच पकडीने, भर चौकात, शिपायांनी तिचे सगळे दात उपटले. तिसऱ्या दिवशी ती गेली. असं म्हणतात, की त्याच घटकेला खाली दरीत त्या शिपायांचे जबडे मिटले ते मिटलेच. नऊ दिवस एकालाही पुडी फाडता आली नाही, दरीत एकही गोळी सुटली नाही.

पुढे पितळी काडतुसं आली. त्यांना दात लागत नाहीत. मग मोठ्या युद्धांत व्हालसेकची पोरं गेली, धडधाकट दातांनिशी गेली. त्यांची नावं चर्चच्या भिंतीवर आहेत.

अजूनही मार्चच्या पहिल्या रविवारी त्या गावात कुणी पाव चावून खात नाही. दुधात भिजवतात. ज्या घरी पोराला विसावं लागलेलं असतं, तिथे आई त्याला पहिला घास भरवते. कितीही उंच असला तरी तो वाकतो, तोंड उघडतो. ओदिलचा घास म्हणतात त्याला.